माझा हसरा बाहुला

आई, परळहूनच तुझ्या पाया पडतो.

साहेबाने दुर्गाला रडवलं आणि मी हसलो, तिथेच सगळं फिरलं.

आमच्या मीटिंगा डोळ्यांवर जाड चष्मा चढवून होतात. आत माझ्याऐवजी माझा बाहुला बसतो, त्याला अवतार म्हणतात. जिला तुझी सून करणार म्हटलं होतं, ती दुर्गा नाशिकहून अशीच चष्मा चढवून येते. साहेब तिला म्हणाला, “अक्कल विकून खाल्लीस?” मी ओरडलो, पण माझा आवाज त्याने बंद केलेला. बाहुला मात्र हसत मान डोलावत राहिला. मेल्याला तेवढंच येतं.

“बघ, उत्तमलाही पटतंय!”

“हस, उत्तम, हस,” दुर्गा रडत म्हणाली.

जेवतोय वेळेवर. आजोबांचा गुडघा कसाय? त्यांना सांग, त्यांच्या संपातल्या गिरणीच्या जागेवरच हे ऑफिस आहे. तिथेच, दुर्गाचं बोलणं ऐकून, मी चष्मा फेकला, केबिनमध्ये जाऊन साहेबाला तोंडावर सुनावलं, आणि बाहेर पडून दार आपटलं.

तुझाच,
उत्तम