नि-७ कोण?

३ मार्च, संध्याकाळ.
आज मशीनने धक्का दिला. मेंदूच्या पेशी झिजायला लागल्या की टाऊ नावाचं प्रोटीन रक्तात वाढतं. विसरभोळेपणाचा आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी ते पकडायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा अभ्यास. तुलनेसाठी बारा निरोगी माणसांचं रक्त घेतलंय. नि-१ ते नि-१२. पैकी नि-७ चा आकडा तिप्पट! तीनदा तपासलं. तिप्पटच.
कुठला नंबर कोणाचा, हे बंद पाकिटात, आमच्या प्रमुख मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. बारांपैकी तिघं आमच्या घरचे: मी, ही आणि सासरे. मीच मागे लागून रक्त द्यायला लावलं होतं.
मॅडमना लगेच सांगावं का? नको. आधी खात्री. पाकिटाकडे बघायचंसुद्धा नाही. निरीक्षणाने शोधायचं.

४ मार्च.
स्वतःला प्रामाणिकपणे तपासलं. नि-७ मी नाही. ज्याला अशी शंका सुचते त्याचा मेंदू शाबूत असतो. (हे आपल्या सोयीचं तर नाही ना? पुन्हा विचार केला. नाही.)

५ मार्च, गुरुवार.
चहाच्या वेळी दोघांना सहज तीन शब्द सांगितले: सायकल, लिंबू, न्यायाधीश. अर्ध्या तासाने विचारले. सासऱ्यांनी सुलट सांगितले, उलट सांगितले, आणि न्यायाधीश लिंबू सायकलवरून कुठे नेत होते ते विचारलं. ठणठणीत.
ही म्हणाली, कसले शब्द?
चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. जेवताना पिपेटचं, म्हणजे थेंब मोजून घ्यायच्या नळीचं, कॅलिब्रेशन कसं करतात ते चाळीस मिनिटं सांगितलं. ही मान हलवत होती.

७ मार्च.
पिपेटबद्दल सहज विचारलं. हिला काहीही आठवत नाही. एक अक्षरही नाही! पिपेट म्हणजे ते ड्रॉपरसारखं ना, म्हणाली.
मग जुनं आठवत बसलो. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरचं दार का उघडं ठेवू नये, हे लग्नापासून किमान सहा वेळा सांगितलंय. दर वेळी हिला ते नवीनच असतं. म्हणजे सुरुवात अठरा वर्षांपूर्वीची. आणि मी, याच विषयातला माणूस, शेजारी बसून बोलत राहिलो!

९ मार्च.
निश्चय: हिच्यावर कसलाही ताण येऊ द्यायचा नाही. सगळं घर मी सांभाळणार. सकाळी दूध उतू गेलं. गॅसवाल्याला दोनदा फोन झाला, दोन सिलिंडर आले. हिने एक परत पाठवला, वाण्याची यादी तोंडपाठ सांगितली, माझा हरवलेला चष्मा माझ्या कपाळावरून काढून दिला.
रोजच्या सवयीच्या गोष्टी शेवटपर्यंत टिकतात. फसायचं नाही.

१२ मार्च.
(मागच्या पानावर आधी ८ घातलं होतं, ती ९ होती. घाई.)
सासऱ्यांनी गॅलरीत बाजूला घेतलं. म्हणाले, जावईबापू, या आठवड्यात तुम्ही मला आजचा वार पाच वेळा विचारलात. काही त्रास होतोय का? म्हटलं, प्रश्न माझा नाहीच. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, म्हणाले. डॉक्टरकडे सोबत यायला तयार आहेत. भला माणूस. लेकीबद्दल काही कळलं तर कसं सोसेल?

१४ मार्च, दुपार.
राहवलं नाही. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हात हातात घेतला आणि म्हटलं, काहीही झालं तरी मी आहे. हिने घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, अहो, काय फोडलंत?
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. हिच्याशिवाय मी कोणाशी बोलणार?

१७ मार्च.
शेवटी मॅडमसमोर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. पाकीट फोडा म्हटलं, जे असेल ते ऐकायची तयारी आहे.
मॅडमनी विचारलं, नि-७ चा आकडा तुम्हाला कधी दिसला? म्हटलं, तीन तारखेला. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, नि-७ हा माणूसच नाही. कंपनीकडून आलेलं, मुद्दाम जास्त प्रोटीन घातलेलं तयार द्रावण त्यांनीच नमुन्यांत सरकवलं होतं. आकडा विचित्र आला तर आपली माणसं किती वेळात कळवतात, हे बघायला. बाकीच्या विभागांनी तासाभरात कळवलं. मशीन उद्यापासून दुसऱ्याकडे.
मला काहीच वाटलं नाही. हिचा आकडा तेवढा विचारला. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांत कमी. पंचविशीतल्या मेंदूचा असावा तसा.
जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही हसत सुटली, मग डोळे पुसले, मग माझेही पुसले.

१८ मार्च.
सकाळी दात घासताना एक शंका आली. मेंदू पंचविशीतला. मग पिपेटची चाळीस मिनिटं गेली कुठे?
शास्त्रीय प्रामाणिकपणाला स्मरून हिलाच विचारलं. हिने खरंच आठवून पाहिलं. म्हणाली, अहो, विसरायला आधी ऐकावं लागतं ना.
आणि फ्रीझरचं दार?
तेही नाही, म्हणाली.
पेपरामागून सासरे म्हणाले, मीही नाही.
मग म्हटलं, आता सगळ्यांचे मेंदू उत्तम आहेत हे सिद्धच झालंय, तर पिपेटपासून पुन्हा सांगतो. ही घाईघाईने उठली. म्हणाली, नको हो, आता तर आजाराची सबबही राहिली नाही.