बशीतली धडधड

७ जून

चि. टिटूस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला धाप लागते आणि तुला रडू येतं, म्हणून पत्र. केमोचं ते लाल औषध पुन्हा चढलं. गाठ निम्मी झालीय, म्हणजे औषध कामाचं आहे. पण तेच हृदयाला थकवतं म्हणे. परवाच्या इकोत हृदयाचा जोर आधीपेक्षा कमी भरला. इतकी वर्षं बस चालवली, चढावर इंजिन कधी दम टाकतं ते मला कुणी सांगायला नको. अर्धा जिना चढून कठड्याला धरून उभी राहते, तर खालच्या काकूंना वाटतं मी गप्पा मारायला थांबलेय. मग त्याही सोडत नाहीत.

मुद्द्याचं बोलते. मागे आलीस तेव्हा जेवण गार करून सांगत बसली होतीस, की तुमच्या प्रयोगशाळेत द्राक्षाच्या सालीतून काढलेलं काहीतरी हृदयाला या औषधापासून वाचवतं. त्याची एक बाटली पाठव. बहीण संशोधक असून मी धापा टाकत बसायचं, हे काही बरं दिसत नाही. मला पुन्हा स्टिअरिंगवर बसायचंय गं. लोभ आहेच, तो वाढव म्हणत नाही. बाटली तेवढी पाठव.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाटली पाठवत नाही. आधी शिव्या घाल, मग पुढचं वाच.

आम्ही हृदयाच्या पेशी बशीत वाढवतो. दुधावर साय धरावी तशा त्या पसरतात आणि कुणी न सांगता आपापल्या धडधडू लागतात. रोज बघते, तरी दर वेळी थक्क होते. तुझं लाल औषध घातलं की त्या अडखळतात, थांबतात. सालीतला पदार्थ आधी दिलेल्या पुष्कळ बश्या मात्र चालू राहतात. यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. पण बशी म्हणजे माणूस नव्हे. हृदयाला वाचवणारी गोष्ट गाठीलाही वाचवू लागली तर? ते अजून आम्हाला नक्की माहीत नाही.

आणखी एक. कोणत्या बशीत काय घातलंय ते बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा आमचा नियम. पण सालीच्या पदार्थाची किंचित जांभळी झाक येते आणि माझ्या नजरेला ती सापडते. परवा अशीच एक बशी मी ‘चालू’ म्हणून सांगितली. सहकारिणीने पाहिलं, तर ती केव्हाची थांबलेली. मी पुन्हा डोळा लावला. ताई, मला ती धडधडताना दिसत होती. सरांना सांगून माझ्या अलीकडच्या सगळ्या नोंदी रद्द करायला लावल्या आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची तिला दिली. माझे डोळे आता तुझ्या बाजूचे झालेत, त्यांचं काही खरं नाही.

डॉक्टरीणबाईंना धापेचं सांग, लपवू नकोस. रागावलीस तरी दोन ओळी टाक, एवढा लोभ असू दे.

तुझी टिटू

२ जुलै

चि. टिटूस अ. आ.

रागावलेच होते. तुझ्या नावाने भांडी आपटली. मग पत्र पुन्हा वाचलं आणि ऊर भरून आला. पत्त्यांत हरायला लागलीस की डाव उधळून द्यायचीस तू. आणि आता तुला हवा तोच पुरावा स्वतःच्या हाताने खोडलास. केवढी मोठी झालीस गं.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. दुकानातून आणलेल्या द्राक्षाच्या गोळ्याही पुढ्यात ठेवल्या. होय, तुझी वाट न बघता आणल्या होत्या. त्यांनी त्या बंद केल्या, हृदयासाठी वेगळं औषध दिलं आणि लाल औषध सावकाश चढवायला लावलं.

काल पुन्हा इको झाला. इको काढणाऱ्या बाईंना म्हटलं, पडदा जरा माझ्याकडे वळवा. टिटू, तू का थक्क होतेस ते मला तेव्हा कळलं. एवढंसं ते, कुणी न सांगता आपलं काम करत होतं. मला तर ते झकास चाललेलं दिसलं. पण माझे डोळेही माझ्याच बाजूचे. म्हणून भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बाईंना विचारलं, कसं चाललंय ते तुम्हीच बघून सांगा. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणाल्या, मागच्यापेक्षा कमी नाही, चाललंय.

माझ्यावर लोभ करशील तेवढा थोडाच. पण नोंदी त्या सहकारिणीलाच करू दे.

तुझी ताई