माझं लोखंड आणि नेडीनचं खेळणं

१२ जानेवारी, रविवार

पँट खाली आली. चर्चमध्ये! प्रार्थनेला उभा राहिलो आणि कमरेचं पिस्तूल पट्ट्यासकट गुडघ्यांकडे निघालं. सव्वा किलो लोखंड ते. शर्टाखाली दडवायचं तर पोटही हवं आणि पट्टाही. पोट आहे.

नेडीनने मागून पट्टा धरला, तोंडाने भजन चालूच. बायको असावी तर अशी! गाडीत मात्र म्हणाली, "एक्काहत्तर वर्षांचा झालास व्हर्जिल, काहीतरी हलकं बांध."

हलकं! बापाचं पिस्तूल आहे ते. शंभर वर्षांपूर्वीची घडण, कधी अडकलं नाही.

१५ जानेवारी

नेडीनने स्वतःसाठी पिस्तूल आणलं! जन्मात बंदुकीला न शिवलेली बाई. प्लॅस्टिकचं अंग, तळहाताएवढं, आणि पोटात दहा गोळ्या. माझ्यात सात.

"खेळणं आहे," मी म्हणालो.

"मग तुझ्या का पोटात दुखतंय?"

१६ जानेवारी

दुखत नाहीये.

२५ जानेवारी, शनिवार

ट्वायला गावाबाहेर नेमबाजी शिकवते. तिच्या मैदानावर आमची पैज लागली – शर्टाखालून काढायचं, पाच गोळ्या झाडायच्या. नेडीनच्या पाचही कागदी माणसाच्या छातीत. माझ्या दोन कागदात, बाकीच्या थेट टेक्सासात.

दुसऱ्या फेरीला पिस्तूल भरायला वरची स्लाइड मागे ओढली, तर हलेना. पुन्हा ओढली. बोटंच सुटली. म्हटलं, स्प्रिंग गंजली. ट्वायलाने दोन बोटांनी सर्रकन ओढून दाखवली. आगाऊ पोरगी!

"तुम्ही आणखी जुनं घ्या, मिस्टर स्ट्राउड. रिव्हॉल्व्हर. त्यात ओढायचं काही नाही."

तेही करून पाहिलं. चाप इतका जड, की गोळी सुटेपर्यंत माझा नेम शेजाऱ्याच्या कागदावर. शेजारी खूश – त्याला एक गुण फुकट मिळाला.

२ फेब्रुवारी, रविवार

पँटला खांद्यावरून पट्टे लावले. आता ती जागची हलत नाही. पण पिस्तूल काढायचं तर आधी कोट, मग दोन बटणं, मग शर्ट. नेडीन म्हणाली, "चोराला म्हणावं, बस जरा, कॉफी घे."

हसलो नाही. बाथरूममध्ये जाऊन हसलो.

८ फेब्रुवारी

मासे खायला गेलो होतो. दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीवर नेडीन बसली. ती खुर्ची माझी! दारातून कोण येतं ते पुरुषाने बघायचं. चाळीस वर्षं मीच बघतोय.

"आज मी बघते. तू मासा खा."

खाल्ला. चव लागली नाही.

१० फेब्रुवारी

बाजारात ट्वायला भेटली. नेडीन ऑक्टोबरपासून दर मंगळवारी तिच्याकडे शिकायला येते म्हणे. पहिल्या दिवशी आवाजाने रडली होती. ट्वायलाने विचारलं, एवढी भीती वाटते तर कशाला शिकता? तर म्हणाली, "व्हर्जिलचे हात गेलेत. त्याला अजून कळलेलं नाही."