ह्यांच्या वाटचं अंजीर

११ फेब्रुवारी, भडगाव
पुना फिग जातीच्या अंजिराचं पहिलं फळ पिकलं. ह्यांनी झाडाखाली उभ्या उभ्याच दोन तुकडे केले. एक त्यांचा, एक माझा. लग्नापासून चव आधी हे सांगणार, मग मी मान डोलवणार. आज चावले आणि तोंड वाकडं केलं. "यामा चीक शे. जिभले झोंबस."
माझ्या तुकड्यात चीक नव्हता. चांगलं गोड होतं. तरी मान डोलवली.

१५ फेब्रु.
दिनकर जातीचं फळही झोंबलं. डायना पण. काळं तुर्की तर थुंकून टाकलं. चारही जातींत एकदम चीक कसा येईल? दारात उजेडाला बसवून तोंड उघडायला लावलं. जिभेच्या उजव्या कडेला जखम, भोवती पांढरं.
"कधीपासून आहे हे?"
"दिवाळीपासून व्हई. दात घासस तठे."
दिवाळीपासून! आणि मला आज कळतंय. उद्या जळगाव.

२ मार्च, जळगाव
पिंप्राळ्याला, माहेरी. रिपोर्ट आला. ज्याची भीती होती तेच. त्या रोगाचं नाव इथे लिहिणार नाही.
ह्यांचं आपलं भलतंच. डॉक्टरांना विचारतात, "फळांचा तोडा चालू आहे साहेब. एप्रिलनंतर केलं तर?"
डॉ. म्हणाले, "काका, थांबण्यासारखं नाही."
जिभेचा भाग काढावा लागणार. किती, ते ऑपरेशनच्या वेळी. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "चव जिभना कोनता भागले कळस?"
रिक्षावाला आरशातून बघत होता.

९ मार्च
उद्या ऑपरेशन. शेजारच्या मळ्यातले नाना बागेतून खोका भरून घेऊन आले. चारही जाती, केळीच्या पानात गुंडाळून. सगळे म्हणायचे, अंजीर पुरंदरकडचं पीक, खान्देशच्या उन्हात फळं भाजून निघतील. तेव्हा फक्त नानांनीच ह्यांच्याबरोबर खड्डे खणले होते.
ह्यांनी एकेक फळ घेतलं. झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी चावत राहिले. मी हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माले ध्यानमा ठेवानं शे."
नाना बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

१९ मार्च
नळी आहे अजून. आज पहिल्यांदा बोलले. मला शालू म्हणतात ना, तर "शाऊ" म्हणाले. परत म्हणाले. परत तेच. मग भिंतीकडे तोंड केलं.
मी म्हटलं, शाऊ छान आहे.
छान नाही.

२२ एप्रिल, धुळे
अक्कांकडे, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीकडे. रोज दवाखान्यात किरणांचा शेक. तोंड आतून सोललंय. थुंकी आटली. अक्का भाताची पेज गाळून, गार करून, पुढ्यात बसतात. "एक घोट तरी ले ना भाऊ. मन्हासाठे ले." हे एक घोट घेतात आणि डोळे मिटतात. अक्का मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासतात. घासलेलीच.

६ मे, धुळे
ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. नानांचा फोन. मोटर जळाली, दुरुस्त होईपर्यंत पाणी बंद होतं. "वहिनी, डायनाना फळं बठ्ठा गळी ग्यात. झाडं बी वाळी राहिनात. तुर्की तेवढं उभं शे."
ह्यांना सांगू की नको, दुपारभर. शेवटी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर जास्त लागलं असतं.
ह्यांनी संध्याकाळची पेज घेतली नाही.

१४ जून, भडगाव
घरी. डायनाची निम्मी ओळ काळी पडलीय. साल नखानं खरवडून बघत हे एकेका झाडापाशी गेले. आत हिरवं दिसलं की मला खूण करायचे, मी सुतळी बांधायची. शर्ट अंगावर नुसता अडकवल्यासारखा. अर्ध्या ओळीत बसले. तरी उठून परत.
डॉ. म्हणालेत, चव परत येऊ शकते. महिने लागतील. नाहीही येणार.

३ ऑक्टोबर
खट्टा बहार, म्हणजे पावसाळी पीक, सुरू. दिनकरचं फळ ह्यांनी तोडलं, पुसलं, आणि अख्खं माझ्या हातात दिलं. "तू खाय. सांग."
"गोड आहे."
"गोड म्हंजे कशं?"
"म्हणजे गोडच."
असे चिडले! जड जिभेनं शब्द फुटेना, हातातली कात्री आपटली. मलाही रडू आलं. आयुष्यभर मी फक्त मान डोलवली, आता एकदम कसं सांगू?

८ ऑक्टो.
दोन दिवस शिकतेय. तोंडात धरून ठेवायचं, लगेच गिळायचं नाही. आज म्हटलं, दिनकर म्हणजे साखरेचं पाणी, गिळलं की संपलं. पुना फिग गुळाच्या जवळ. तुर्की ह्या उन्हानं लहानच राहिलं, साल जाड. पण आत भाजलेल्या रताळ्यासारखं, आणि अगदी शेवटी जरासं जांभूळ.
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.
"जांभूय," म्हणाले. "हा. तेच."

२० ऑक्टो.
सकाळी बघितलं तर उन्हाळ्यातून वाचलेल्या डायनाला फळ पिकलेलं. ह्यांनी मऊ बघून अर्धं तोंडात घातलं, पाण्याच्या घोटाबरोबर. आणि ओरडले, "उनी! चव उनी!" आली, चव आली!
मी हातातलं टोपलं टाकलं. अक्कांना फोन केला. तिकडून नुसते हुंदके ऐकू येत होते. नानांनी मोटारसायकलवर जाऊन पेढे आणले. रात्री शिरा केला. हे म्हणाले, थोडी थोडी कळते, गोड कळतं. थोडा शिरा खाल्लाही.
देवा.

२६ ऑक्टो.
लिहू नये असं वाटतं.
रोज एक फळ दोघांत. हे आता परत आधी चव सांगतात. आज दुपारी डायनाचं अर्धं खाल्लं, हळूहळू, डोळे मिटून. "मधसारखं," म्हणाले, आणि पाण्याचा पाट मोडायला गेले. मी माझं अर्धं उचललं. दारूसारखा वास. आत पार आंबलेलं, बारीक किडे वळवळत होते.
तसलं फळ. मधासारखं म्हणाले.
म्हणजे चव आलेलीच नाही. त्या दिवशीही नव्हती. मी टोपलं टाकून रडले, ते बघून मग रोज...
पाणी सुटलेलं होतं, मी तिथेच ओल्यात बसून राहिले. हे लांबून विचारत होते, काय झालं, काय झालं. ऊन लागलं म्हटलं.

२७ ऑक्टो.
अक्का फोनवर: "भाऊ काय काय खाई राहिना?"
सांगितलं, सगळं. आवडीनं.

१ नोव्हेंबर
आता ह्यांच्यासाठी फळ मी निवडते. आधी वास घेऊन, फळाचा डोळा, म्हणजे बुडाचं भोक, बघून. चव नाही तर नाही, निदान चांगलं फळ पोटात जावं. हे म्हणतात, "आज मस्त शे." मी विचारते, कसं मस्त? मग माझेच शब्द मला सांगतात. रताळं. गूळ. जांभूय. मी मान डोलवते.

१३ नोव्हें., धुळे
तपासणी. डॉक्टरांची बोटं मानेवर एका जागी थांबली. परत तिथेच आली. "ही गाठ कधीपासून?"
ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं.
सुई घालून नमुना घेतला. अक्कांकडे न थांबता दुपारची एसटी धरली. पारोळं मागे पडलं. मग मीच म्हटलं, "मला सांगायचं होतंत."
म्हणाले, "तू खुश होती ना."

१४ नोव्हें., भडगाव
उठले तर हे अंथरुणात नाहीत. बागेत. मीठा बहाराच्या, म्हणजे उन्हाळी पिकाच्या, ओळीची छाटणी घेतली होती, यंदा उशीरच झालाय. मी चहा नेला, घेतला नाही. मग बोर्डो पेस्टचा डबा घेऊन मागे मागे गेले. हे फांदी कापतात, मी कापल्या जागी पेस्ट लावते.
तुर्कीपाशी थांबून काहीतरी म्हणाले. कळलं नाही. परत विचारलं.
"उन्हायामा सांगजो. कशं शे ते."
उन्हाळ्यात फळाची चव सांगेन म्हटलं. कुणाला सांगायचं, ते विचारलं नाही.
ऊन चढलं म्हणून बळंच घरात आणलं. डायनाची झाडं राहिलीत अजून. रिपोर्ट सोमवारी.