पहिला ठोका

बाबा, तुम्ही ज्या वयात गेलात, त्याच्या पुढे आता माझं वय गेलं आहे. तुम्ही सौसरच्या शाळेत लाल-निळ्या खडूने फळ्यावर हृदय काढायचात, आणि त्याच हृदयाबद्दल आज तुम्हाला काही सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगावं, तर ऐकणारं घरात कोणी नाही.

तुम्हाला तो रविवार आठवतो का? आपल्या घरात अंडं कधी आलं नव्हतं, आणि तुम्ही उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं एक अंडं रुमालात गुंडाळून आणलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "माह्या चुलीजवळ हे नाही चालत, सांगून ठेवते." तुम्ही हसून म्हणालात, "अवं, खायाले नाही आणलं. पोरीले दाखवतो." मग तिने जुना कटोरा ओसरीवर ठेवला आणि मिठाचं पाणी मात्र स्वतःच कोमट करून दिलं. तुम्ही त्या पाण्यात कात्रीच्या टोकाने कवच हळूहळू काढता आहात, मी श्वास रोखून बसले आहे. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं, आणि मधोमध मोहरीएवढा ठिपका, हलणारा. मी बोट पुढे केलं तसे तुम्ही ओरडलात, "हात नको लावू! जीव आहे तो." मला रडू आलं. तेवढ्यात ठिपका मंदावला, पाणी गार झालं होतं. तुम्ही वरून कोमट पाणी सोडलं आणि तो पुन्हा भराभर हलू लागला. मागे आई कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "हलून राहिलं वं माय."

मी विचारलं होतं, "बाबा, याले हल म्हणून कोण सांगते?" तुम्ही म्हणालात, "आपल्या आपणच हलते. पण पहिला ठोका कोण देते, ते मले नाही माहीत." तुम्हाला एखादी गोष्ट माहीत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढे मी तुमचा विषय घेतला नाही. पांढुर्ण्याच्या शाळेत मुलांना हिंदी शिकवलं, तुमच्यामागे आईला सांभाळलं, आणि ती गेल्यावर याच घरात राहिले. मागच्या महिन्यात बाजारात संत्री निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा संत्रीवाली माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "बाई, उठू नका, पडून राहा." नागपूरला तपासणी झाली. ठोके फार मंद पडत होते, मधेच थांबत होते. छातीत ठोका देणारं यंत्र बसवावं लागेल म्हणाले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. मी त्यांना तुमचा तो पहिल्या ठोक्याचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "हे मला आजवर कोणत्याच पेशंटनं विचारलं नाही." मग खुर्ची ओढून बसल्या. बाबा, ऐका. हृदय जेव्हा नुसती एक सरळ नळी असतं, रक्त फिरवायचं कामही जेव्हा सुरू झालेलं नसतं, तेव्हाच ठोका सुरू होतो. तो निघतो नळीच्या मागच्या टोकाकडून, जिथून पुढे रक्त आत येणार असतं तिथून. नळी लांबत जाते, मागून नव्या पेशी येऊन जुळतात आणि ठोक्याचं काम आधीच्यांकडून आपल्याकडे घेतात. शेवटी उजव्या बाजूला, मोठी शीर आत येते तिथे, थोड्याशा पेशींकडे ते कायमचं राहतं. डाव्या बाजूला तसं होऊच दिलं जात नाही. बाकीच्या पेशी दणकट होतात, आवळायला शिकतात. या थोड्यांना मात्र गर्भातच रोखून धरलेलं असतं. त्या कधी तशा बळकट होत नाहीत, म्हणूनच त्यांना आपल्या आपण ठोका देता येतो. "तुमच्या त्याच पेशी आता थकल्यात," त्या म्हणाल्या. मला तेव्हा तुमचा हात धरून ओसरीवर बसावंसं वाटलं.

आता यंत्र बसलं आहे. यंत्राच्या बाजूचा, डावा हात सध्या खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्यामुळे वेणी घालता येत नाही, केस नुसते बांधते. फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येत नाही. दुपारी इटारसीकडची गाडी गेली की घर एकदम गप्प होतं, आणि मग मी छातीवर हात ठेवून बसते. ठोका बरोबर पडतो. सांगायला कोणी नसतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. बहुतेक गादीखालीच राहील. पण एक सांगून टाकते. यंत्र बसवायला आत नेण्याआधी नर्सने विचारलं होतं, "मावशी, सोबत कोण आहे?" शेजारीण मला इथल्याच स्टेशनवर सोडून परत गेली होती. माझे केस पांढरे, आणि तरी तोंडातून निघून गेलं, "बाबा आहेत. खाली चहा प्यायला गेलेत."