भाकर फेकणारी

प्रिय अक्का,

उद्या तुमचं उत्तरकार्य, गंधमुक्ती. अंगणात मंडप पडलाय, आचारी दोनदा विचारून गेला, पाचोऱ्याच्या नणंदबाई, रेखाताई, मघाशी हाका मारत होत्या. आणि तुमची सून भर दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून पत्र लिहितेय! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "व माय, घर भरेल शे नि तू काय लिखत बठनी?"

काय करू? हे इथे लिहिल्याशिवाय उद्या बायकांसमोर माझं तोंड उघडायचं नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी द्वारदर्शनाला, सांत्वनाला बायका आल्या. निम्म्या जणींना तुमचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. "पिच्चरमधली भाकर फेकणारी सासू गेली" एवढंच ऐकून आलेल्या. चोपड्याकडच्या एका म्हातारीने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "तुलेबी अशीच भाकर फेके का व? कितलं सोसं व माय तू!"

आणि मी काय केलं, अक्का? पदर डोळ्यांना लावला आणि मान खाली घातली.

एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही. पण "बोलायला ओळ नसली की मान बोलते," हे तुम्हीच सांगायच्या ना? माझी मान बोलली. म्हातारी बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "देखा, खरंच तशी व्हती." साऱ्या जणी चुकचुकल्या. आणि खरं सांगू? लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं. कुणीतरी माझी कीव करतंय, हे गोड लागलं मला.

तुम्ही आणि भाकर फेकणार! अहो, मांजर ओट्यावर चढलं तर त्याला "उतरता का बाबा" म्हणणाऱ्या तुम्ही.

गावच्या जत्रेतल्या नाटकात आईचं काम करणाऱ्या माणसाला ऐनवेळी कावीळ झाली आणि तालमी ऐकून पाठ झालेल्या तुम्ही उभ्या राहिलात. वय वीस, आणि डोक्याला पीठ लावून म्हातारी! "तवयपासून म्हातारीच शे मी, आते खरी व्हयनी तर काय बिघडनं?" असं म्हणून किती हसायच्या! हिरॉईन कधी झाला नाहीत. सुईण झालात, चुगलखोर शेजारीण झालात, चिंचेवरचं भूत झालात. पुढे अहिराणी पिच्चर निघायला लागले तशा पिशवीत स्वतःचं लुगडं आणि तुटक्या काडीचा चष्मा घालून धुळ्याच्या एसटीत बसायच्या. एका ओळीचं काम असलं तरी आदल्या दिवसापासून विचारात गढलेल्या. मी एकदा वैतागून म्हटलं, एका ओळीसाठी एवढं काय? तर म्हणालात, "ती बाई पडद्यावर मिनिटभर येते गं, पण सकाळपासून उठलेली असते. काय खाऊन आली, कुणावर चिडून आली, मला नको कळायला?"

मी मात्र तुमचं एकही काम पाहिलं नाही. इंग्रजी शाळेत शिकवते ना मी! शाळेतल्या बायांना सांगितलं, सासूबाई भजनी मंडळात असतात. आठवतं का, सराफाच्या दुकानात ती मुलगी ओरडली होती, "अय्या, भाकर फेकणारी!" तुम्ही सेल्फीसाठी पदर सारखा करत होतात आणि मी सरळ बाहेर जाऊन रिक्षात बसले. तुम्ही मागून आलात, काही बोलला नाहीत. बोलायचं होतं ना! दोन शिव्या घालायच्या होत्या. पडद्यावर तर म्हणे इतक्या छान घालायच्या.

काल संध्याकाळी रेखाताईंनी तो पिच्चर लावला. मोबाईलवर फिरतो तो तुकडा नाही, पूर्ण. उठून जाता येईना, म्हणून पाहिला.

सून जेवायला बसलीय. सासू येते, हातभर अंतरावरून भाकर ताटात टाकते, बोटाने ताट जरासं पुढे ढकलते आणि सुनेकडे न बघता वर भिंतीकडे बघते. "आवरा लवकर."

त्या भिंतीवर काहीच नव्हतं, अक्का. नुसता निळा चुना. सगळ्यांना तो सासूचा माज वाटला. मला तिथे घड्याळ दिसलं. आपल्या फ्रिजच्या वरचं. सकाळी शाळेच्या घाईत मी तुमच्या ताटात भाकर टाकायची, ताट बोटाने ढकलायची आणि "आवरा लवकर" म्हणत घड्याळाकडे बघायची. रोज! तुम्ही टक लावून बघत बसायच्या. "काय बघताय?" विचारलं की म्हणायच्या, "काही नही व, पाठांतर करस." मला वाटायचं, ओळी पाठ करताय.

अख्ख्या खानदेशाला दाखवलंत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत! हा कुठला न्याय? पण बोलला असतात तरी मी भांडलेच असते, हेही खरं.

याच्या पुढचं सांगितलं नाही तर पत्र अर्धं राहील. फिरणारा तुकडा म्हणे भाकरीपाशी संपतो. पिच्चरमध्ये ती सासू दारापर्यंत जाते, थांबते, परत येते आणि पाण्याचा पेला सुनेच्या हाताशी सरकवून निघून जाते. रेखाताई म्हणाल्या, "हे कागदावर नव्हतंच म्हणे. अक्कानेच हट्टाने घातलं."

मीही तसा पेला सरकवायची? मला आठवतच नाही हो. तुम्ही पाहिलं होतं. माझं वाईट पाहिलंत तेव्हा तेही पाहिलंत आणि विसरला नाहीत. कालपासून हुंदका आवरत नाही माझा. घरातल्यांना वाटतं, सासूवर किती जीव होता.

म्हणून शब्द देते, अक्का. उद्या सगळ्या जमल्या की नैवेद्याच्या आधी तो पूर्ण पिच्चर त्यांच्यासमोर लावेन. चोपड्याच्या आजींना शेजारी बसवेन आणि मान वर ठेवून सांगेन की या घरात असं कोण वागायचं. माझ्या शाळेतल्या बाया असल्या तरी सांगेन. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मी स्वतः करेन, तुमच्या पानात खाली वाकून, दोन्ही हातांनी ठेवेन आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवेन. घड्याळाकडे बघणार नाही.

तुमची सून,
भाकर फेकणारी