अपील मी मेल्यावरही चालवावे

मी, हौसराव कोंडिबा ओव्हाळ, वय सदुसष्ट, धंदा बसचालक, परवाना सध्या कोर्टात जमा, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव टाकणारे टाकून दमले. पुढच्या आठवड्यात छातीचे ऑपरेशन आहे आणि डॉक्टर आता माझ्याऐवजी घरच्यांकडे बघून बोलू लागलेत, म्हणून ही घाई.

१. आधी खटल्याविषयी, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कुरकुंभच्या कामगारांची पाळीची बस मी चालवत होतो. पाटसजवळ ब्रेक लागले नाहीत आणि मोटारसायकलवरचा सत्यजीत नावाचा तरुण बसखाली आला. ब्रेकची तक्रार मी बसमालक पोपटराव यांच्याकडे तोंडी केली होती. आमच्या धंद्यात मालकाला कुणी लिहून देत नाही. देणारा दुसऱ्या दिवशी घरी बसतो. अपघात झाला की किल्ली तशीच सोडून पळायचे, हीसुद्धा धंद्यातलीच रीत. बसमधले कामगार ओरडत होते, "आबा, पळा! लोकं मारत्याल."

"मारू द्या. आधी ह्याला उचला," मी म्हणालो.

त्याचे डोके मांडीवर घेऊन मी दवाखान्यात गेलो. त्याची आई साखरबाई दाराशी पोचल्या, तेव्हाही त्याचे डोके माझ्याच मांडीवर होते. तो वाचला नाही. मला आजही फार वाईट वाटते. पण वाईट वाटणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे.

मग मालक घरी आले. "हौसराव, कबूल करून टाका. दंडावर भागंल. नोकरी तुमचीच हाय."

"मालक, ब्रेक तुमचं आन् गुन्हा माझा व्हय?"

चहा तसाच ठेवून गेले. बस आधी त्यांच्याच गॅरेजात राहिली, मग तपासली गेली. ब्रेक उत्तम निघाले. निघणारच. खालच्या कोर्टाने 'भरधाव व हयगयीने' गाडी चालवल्याबद्दल मला एक वर्ष कैद दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी. शिक्षेला स्थगिती आहे, वरच्या कोर्टात माझे अपील आहे, आणि त्याच्या तारखा माझ्यापेक्षा धडधाकट आहेत.

२. माझ्या वकील सुलक्षणाताई सांगतात की आरोपी मेला की एरवी खटला मिटतो, पण कैदेविरुद्धचे अपील जवळच्या नातेवाइकाला पुढे चालवता येते. त्यासाठी मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून राहते घर पत्नी पार्वतीबाईचे, तिच्या हयातीपर्यंत, विनाअट. माझ्यासारख्या हट्टी माणसाबरोबर संसार केला, तेवढे पुरे. तिच्या पश्चात मुलगा सुमित व मुलगी भाग्यश्री यांच्यापैकी ज्याने तो अर्ज केला असेल, घर त्याचे. दोघांनी केला तर निम्मे निम्मे. कुणीच केला नाही तर घर गावच्या बुद्धविहाराला जाईल. मग वंदनेला खुशाल आपल्याच उंबऱ्यातून आत या.

सुमित म्हणाला, "आबा, मेल्यावर सुटून काय उपेग?" बाळा, मी गुन्हेगार ठरल्याचा मालकाला उपयोग झालाच ना? मग निर्दोष ठरल्याचा तुला होईल. तुझ्या पोरांना कुणी 'त्या बसवाल्याची नातवंडं' म्हणेल, तेव्हा त्यांच्या हातात कोर्टाचा निकाल असू दे.

३. पान्यांची पेटी पुतण्या संघर्षला. तो टेम्पो चालवतो. अट एवढीच की ब्रेक ढिले वाटले तर मालकाला मोबाइलवर लिहून पाठवायचे. नोकरी गेली तर जाऊ दे. आणि कुणी गाडीखाली आले तर पळायचे नाही. मी पळालो नाही, याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

४. पोपटरावांनी दिवाळीला दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. ते पहिल्यापासून मागे पडते, आणि सांगूनही त्यांनी दुरुस्त केले नाही. माझ्या मातीला त्यांनी येऊ नये. हार पाठवलाच तर तो त्यांच्या बसला घालावा.

५. परवाना कोर्टातून सुटला की बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावावा. निर्दोष ठरल्यावरच. खिळा मी ठोकून ठेवला आहे.

वरचे सगळे मी बोललो, सुलक्षणाताईंनी उतरवले. एक शब्दही मी त्यांना मवाळ करू दिला नाही. दुसऱ्या साक्षीदारावरून घरात भांडण झाले. पार्वती म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाताय त्या माउलीकडं?" ह्याच तोंडाने गेलो. साखरबाई नाही म्हणाल्या असत्या तर मला राग आला नसता.

ठिकाण: वडगाव रासाई
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

(सही) हौसराव कोंडिबा ओव्हाळ

साक्षीदार:

(सही) ॲड. सुलक्षणा रणदिवे, शिरूर

(अंगठा) साखरबाई टेंगले, पाटस. बाईंच्या सांगण्यावरून त्यांचे शब्द जसेच्या तसे: "माझ्या लेकराला ह्यांनी रस्त्यावर एकटं टाकलं न्हाई. कोर्टात मला कुणी इचारलंच न्हाई. हितं इचारलं, म्हणून अंगठा देते."